कारूरा

आमची नानी हकीमसाहेबांकडे जाताना सकाळची पहिली लघवी बाटलीत भरून न्यायची. तिला 'कारूरा' म्हणत. अरबीत या शब्दाचा अर्थ काचेचं भांडं. इब्न सीनाच्या 'अल-कानून'मध्ये रंग, दाटपणा, गाळ, वास, फेस पाहून निदान कसं करायचं ते सविस्तर आहे. (उर्दूत दोघांचं फार जमलं की 'कारूरा मिलना' म्हणतात, ते इथूनच.)

ही वाट आधुनिक विज्ञानानेही धरली. बुलब्रुक आणि हेवर्ड या ब्रिटिश संशोधकांनी 1961 पासून इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावर सुमारे 5000 बायकांची लघवी जमवली आणि वाट पाहिली. ज्यांना पुढे स्तनाचा कॅन्सर झाला, त्यांच्या लघवीत पुरुषी संप्रेरकांपासून बनणारं एक द्रव्य आधीपासूनच कमी आढळलं. 1971 साली हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. पण नंतर पाळी गेलेल्या बायकांच्या रक्ततपासण्यांत उलटंच दिसलं: ही संप्रेरकं जास्त, तर धोका जास्त. भाकीत हाती लागलं नाही.

हे सगळं मी वाचलं ते खालामुळे. छातीतली गाठ तिने वर्षभर लपवली होती. परक्या पुरुषापुढे उघडं होणं नको. मला हळूच म्हणाली, "बेटा, अम्मीसारखी बाटली पाठवली तर नाही का चालणार?"

मी नाही म्हणाले, आणि त्याच दिवशी लेडी डॉक्टर शोधायला लागले.