सूत्र, दृष्टांत आणि राहून जाणारी तिसरी पायरी



जयसिंगपूर-शिरोळ भागात जैन समाज मोठा. त्यामुळे हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट इथं बहुतेकांनी ऐकलेली असते. कुणाला हत्ती खांबासारखा वाटतो, कुणाला सुपासारखा. अनेकांतवाद समजावताना ही गोष्ट हमखास येते. हाच हत्ती जुन्या मराठीतही आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी तो दृष्टांत सांगितला.

चक्रधर परंपरेनुसार गुजरातचे, पण लोकांशी बोलले ते मराठीत. त्यांच्यानंतर नागदेवाचार्य महानुभाव पंथाचे प्रमुख झाले. त्यांचे शिष्य केशोबास संस्कृतचे पंडित; त्यांनी ‘रत्नमालास्तोत्र’ संस्कृतात रचलं. आचार्यांनी त्यांना संस्कृतात लिहू नका म्हणून सांगितलं. कारण ‘स्मृतिस्थळा’त आलं आहे: त्यामुळं पंथातल्या म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील. ज्ञान कुणाच्या हाती पोचायचं, असा तो प्रश्न होता. त्यासाठी पंडितानं पांडित्याचा मान बाजूला ठेवायचा होता.

याच केशोबासांनी मराठीत ‘दृष्टांतपाठ’ सिद्ध केला. त्यात ११४ दृष्टांत आहेत. रचना बघा: आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीतलं काय कशाला लावायचं ते. पहिले दोन भाग चक्रधरांचे, तिसरा केशोबासांनी जोडलेला.

हा तिसरा भाग कशाला हवा? हत्तीचंच घ्या. जैन विचारात तो सत्याच्या अनेक बाजू दाखवतो. चक्रधरांकडे तो परमेश्वराविषयीच्या माणसाच्या अपुऱ्या ज्ञानाबद्दल बोलतो. गोष्ट एक, रोख वेगळा. गोष्ट सांगून आपण थांबलो, तर ऐकणारा सोयीचा अर्थ घेऊन घरी जातो.

मी स्वतः वेदान्त शिकवताना दोरी आणि सापाचा दाखला वर्षानुवर्षं दिला. वर्ग खूश असायचा. परीक्षेत मुलं दोरी-साप झकास लिहायची. जग आणि ब्रह्म यांचं काय, ती जागा मात्र कोरी. मला वाटायचं, मुलं कच्ची आहेत. कच्चा मी होतो. दोन पायऱ्या चढवून मी त्यांना तिथंच सोडून देत होतो.

अवघड भाग गाळला की सांगणं सोपं होतं, असा आपला समज असतो. केशोबासांनी सूत्र गाळलं नाही. त्या म्हाताऱ्यांच्या भाषेत त्यांनी ते पुरतं दिलं, उलगडूनही दिलं. त्यांना हे कळेल, हा भरवसा त्यामागं होता. तो भरवसा मला वर्गात ठेवता आला नाही, ही माझी खंत आहे.