सुट्या भागांची मोटार

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४० साली, ब्रिटिश सरकारने जो खरेदीकर बसविला, त्याच्या अंमलात पुढे एक चमत्कारिक फट दिसून आली: तयार मोटारीवर कर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. कॉलिन चॅपमन या कल्पक अभियंत्याने १९५७ साली आणलेल्या ‘लोटस सेव्हन’ने या सवलतीचा पुरेपूर लाभ घेतला, पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे आणि बहुधा फोर्डचे साधे इंजिन, एवढाच तिचा सरंजाम. जोडणीच्या सूचना देण्यास मनाई, म्हणून मोटार सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली जाई व गिऱ्हाईक ती उलट्या क्रमाने वाची, असे सांगतात; कायद्याच्या अक्षराचा इतका आदर क्वचितच कोणी राखला असेल!

घरच्या गॅरेजात हौशी कारागिराची खरी परीक्षा मात्र जोडणीनंतर सुरू होई. रंगविलेल्या सांगाड्यावर तार आवळल्यामुळे अर्थिंग न मिळून दिवे मंदावत, ब्रेकच्या नळीत हवा अडकून पेडल निमूटपणे तळाशी जाई, आणि दोष बहुधा महागड्या इंजिनात नव्हे, तर अशा क्षुल्लक जागीच सापडे.

१९७३ च्या एप्रिलात मूल्यवर्धित कर आला आणि सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले, आणि कराचे निमित्त उरले नसतानाही ती कंपनी हौशी गिऱ्हाइकांना सुट्या भागांचा संच विकत राहिली.