उपनगरी रेल्वे आणि भावनांचे समाजशास्त्र
तंत्रज्ञानामुळे माणसांच्या भावना व परस्परसंबंध कसे बदलतात, हा समाजशास्त्रातील एक अभ्यासविषय आहे. बस, रेल्वे व ट्राम येण्यापूर्वी माणसांवर एकमेकांकडे दीर्घकाळ पाहत, पण न बोलता बसण्याची वेळ येत नसे, असे निरीक्षण जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ साली नोंदविले.

भारतातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली. १८५४ मध्ये हा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. या पट्ट्यात झिमेल यांचे निरीक्षण अर्धेच लागू पडते. कल्याण-डोंबिवलीहून रोज त्याच लोकलने, त्याच डब्यातून जाणाऱ्यांचे गट बनतात. त्यांत भजने होतात, महिलांच्या डब्यात हळदीकुंकू होते, दसऱ्याला डबा सजवून पूजा केली जाते. परक्याला मात्र त्याच डब्यात शिरणेही कठीण जाते. जिव्हाळा आणि वैर एकाच गर्दीतून उपजतात. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकण्यापुरती जागा देण्याचा अलिखित नियम ही या दोहोंमधील तडजोड होय.

एकत्र असणे म्हणजे एका ठिकाणी असणे, हे जुन्या सिद्धान्तांचे गृहीतक मोबाइलमुळे तपासावे लागत आहे. गाडी चुकलेला सोबती व्हॉट्सॲपवरून गटातच असतो. खांद्याला खांदा लावून बसलेला सहप्रवासी इअरफोन घालून गटाबाहेर राहतो.