रॅमचे ओव्हरक्लॉकिंग

रॅमचे ओव्हरक्लॉकिंग म्हणजे डेस्कटॉप संगणकाची मुख्य स्मृती प्रमाणित वेगापेक्षा अधिक वेगाने किंवा प्रमाणित विलंबापेक्षा कमी विलंबाने चालविणे होय. या प्रक्रियेत वेग वाढविण्यापेक्षा वाढविलेल्या वेगावर स्मृती अचूक राहते की नाही हे तपासण्याचे काम अधिक वेळखाऊ असते. प्रोसेसर अतिवेगाने चालविल्यास संगणक बहुधा लगेच बंद पडतो. स्मृतीतील चूक मात्र अनेकदा कोणतीही सूचना न देता फाइलमध्ये उतरते. त्यामुळे कामगिरीची चाचणी आणि स्थिरतेची चाचणी ही या विषयाची दोन स्वतंत्र अंगे मानली जातात.

पार्श्वभूमी

आजच्या रॅमचे मूळ डायनॅमिक रॅममध्ये आहे. एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र यांच्या साहाय्याने एक बिट साठविण्याच्या रचनेचे पेटंट आयबीएममधील अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये मिळाले. इंटेलने १९७० मध्ये ११०३ ही डायनॅमिक रॅम चिप बाजारात आणली. धारित्रातील विद्युतभार सतत गळत असल्याने तो ठराविक काळाने पुन्हा भरावा लागतो. या क्रियेस रिफ्रेश म्हणतात. डीडीआर४ मध्ये सामान्य तापमानात प्रत्येक ओळीचे रिफ्रेश ६४ मिलिसेकंदांच्या आत व्हावे, असे प्रमाण आहे.

स्मृतीची मानके जेडेक ही संस्था ठरविते. डीडीआर४ चे मानक २०१२ मध्ये, तर डीडीआर५ चे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा प्रमाणित विद्युतदाब अनुक्रमे १.२ आणि १.१ व्होल्ट आहे. मानकापलीकडील वेगाची तयार मांडणी रॅमच्या पट्टीवरच नोंदविण्याची एक्सएमपी ही पद्धत इंटेलने २००७ मध्ये डीडीआर३ साठी आणली. एएमडीने डीडीआर५ साठी २०२२ मध्ये एक्स्पो ही तशीच पद्धत सुरू केली. त्यामुळे बायोसमधील एका पर्यायाने ओव्हरक्लॉकिंग करता येऊ लागले.

वेग आणि विलंब

पट्टीवरील 'डीडीआर४-३२००' या नावातील संख्या दर सेकंदास होणारी दशलक्ष हस्तांतरणे दर्शविते. डीडीआर प्रकारात घड्याळाच्या एका आवर्तनात दोन हस्तांतरणे होतात. म्हणून या पट्टीचे प्रत्यक्ष घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचे असते. एका वाहिनीची रुंदी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट असल्याने तिची सैद्धांतिक क्षमता सेकंदास २५.६ गीगाबाइट होते. दोन वाहिन्यांत दोन पट्ट्या बसविल्यास ती ५१.२ गीगाबाइट होते.

मागितलेली माहिती मिळेपर्यंतचा विलंब सीएल या अंकाने सांगितला जातो. हा अंक आवर्तनांचा असल्याने प्रत्यक्ष काळ पुढीलप्रमाणे काढतात: सीएलला २००० ने गुणून हस्तांतरणाच्या संख्येने भागल्यास नॅनोसेकंद मिळतात. डीडीआर४-३२०० सीएल २२ चा विलंब १३.७५ नॅनोसेकंद, तर त्याच वेगाच्या सीएल १६ चा १० नॅनोसेकंद येतो. डीडीआर५-६००० सीएल ३० चा विलंबही १० नॅनोसेकंदच आहे. म्हणजे नव्या पिढीत वहनक्षमता दुपटीच्या जवळ गेली, तरी पहिल्या प्रतिसादाचा काळ फारसा घटलेला नाही.

मर्यादा ठरविणारे घटक

रॅम किती वेग गाठेल हे केवळ पट्टीवर अवलंबून नसते. स्मृती-नियंत्रक प्रोसेसरमध्येच असतो. एएमडीने २००३ मधील अ‍ॅथलॉन ६४ पासून आणि इंटेलने २००८ मधील नेहालेम पिढीपासून डेस्कटॉपवर ही रचना स्वीकारली. एकाच नमुन्याच्या दोन प्रोसेसरांतील नियंत्रकांची क्षमताही सारखी नसते. मदरबोर्डवरील तारमार्गांची रचना आणि पट्ट्यांची संख्या यांचाही परिणाम होतो. चार पट्ट्या बसविल्यास दोन पट्ट्यांइतका वेग सहसा मिळत नाही. चिपसेटचीही अट असते. इंटेलच्या एच६१० सारख्या प्राथमिक चिपसेटवर स्मृतीचे ओव्हरक्लॉकिंग होत नाही, मात्र २०२१ मधील बी५६० पासून मध्यम श्रेणीत ती सोय मिळाली.

चाचणीची पद्धत

कामगिरी मोजण्यासाठी जॉन मॅकॅल्पिन यांचा स्ट्रीम, तसेच एडा६४ व सेव्हन-झिप यांतील मापने वापरली जातात. ओव्हरक्लॉकिंग स्पर्धांत पायची दशांश स्थळे काढणारा सुपर पाय हा प्रोग्रॅम दीर्घकाळ प्रचलित आहे. स्थिरतेसाठी क्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये लिहिलेला मेमटेस्ट८६ आणि त्यापासून निघालेला मुक्त मेमटेस्ट८६+ हे प्रोग्रॅम प्रसिद्ध आहेत. ते ऑपरेटिंग सिस्टिमविना पेन ड्राइव्हवरून चालतात. स्मृतीत ठराविक नमुने लिहून व पुन्हा वाचून ते चुका शोधतात. त्यांच्या जोडीला टेस्टमेम५, प्राइम९५ आणि वाय-क्रंचर यांसारखे प्रोग्रॅम प्रत्यक्ष भाराखाली चाचणी घेतात.

सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो:

१. महत्त्वाच्या माहितीची प्रत वेगळ्या साधनावर काढणे.
२. मूळ मांडणीत वेग, विलंब व तापमान यांची नोंद करणे आणि स्मृती निर्दोष असल्याची खात्री करणे.
३. एका वेळी एकच घटक बदलणे. वेग, विलंब आणि दाब एकत्र बदलल्यास चुकीचे कारण सापडत नाही.
४. प्रत्येक मापन अनेकदा घेऊन मध्यक काढणे. मापनातील स्वाभाविक चढउतारापेक्षा लहान फरक लाभ म्हणून धरत नाहीत.
५. अंतिम मांडणीवर अनेक तासांची स्थिरता-चाचणी घेणे. त्यात एकही चूक आढळल्यास ती मांडणी अस्थिर समजली जाते.

उष्ण हवामानातील चाचणी

तापमान वाढले की धारित्रातील भार अधिक वेगाने गळतो. म्हणूनच चिपचे तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास रिफ्रेश दुप्पट वेळा करावे, असे मानक सांगते. वेग मिळविण्यासाठी अनेक जण दोन रिफ्रेशमधील अंतर वाढवितात. अशी मांडणी उष्णतेबाबत विशेष नाजूक असते.

ही बाब विदर्भात महत्त्वाची ठरते. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर या जिल्ह्यांत एप्रिल व मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो आणि कधी ४५ अंशांपर्यंत जातो. संगणकाच्या पेटीतील हवा खोलीतील हवेपेक्षा अधिक उष्ण असल्याने डिसेंबरमध्ये निर्दोष ठरलेली मांडणी मे महिन्यात चुका करू शकते. म्हणून अशा प्रदेशात अंतिम चाचणी दुपारच्या उन्हाच्या वेळी, ग्राफिक्स कार्डावरही भार देऊन घेणे उचित ठरते. पाण्याच्या कूलरमुळे खोलीचे तापमान उतरते, पण हवेतील आर्द्रता वाढते. त्यामुळे पंख्यांवर व पट्ट्यांच्या संपर्कबिंदूंवर ओलसर धूळ बसणार नाही हे पाहावे लागते. वीज खंडित झाल्यास तासन्‌तास चाललेली चाचणी पुन्हा सुरू करावी लागते, म्हणून यूपीएस उपयुक्त असतो.

धोके

प्रमाणित वेगावरही स्मृती चुकते. बियांका श्रोडर आणि गूगलमधील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सर्व्हरमधील ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत वर्षभरात किमान एक चूक आढळली होती. त्या सर्व्हरमध्ये चूक ओळखणारी ईसीसी स्मृती असल्यामुळेच ही मोजणी शक्य झाली. घरगुती संगणकांत ती सहसा नसते. डीडीआर५ चिपमधील अंतर्गत दुरुस्ती केवळ चिपच्या आत साठलेल्या बिटांपुरती असते. प्रोसेसरकडे जाताना झालेली चूक तिला दिसत नाही. चुकीचे बिट हिशेबाच्या फाइलमध्ये, छायाचित्रात किंवा प्रबंधात लिहिले गेले, तर पुढे काढलेल्या प्रतीतही तोच दोष राहतो.

अतिरिक्त दाबामुळे यंत्राचीही हानी होते. २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझेन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या घटना समोर आल्या. एक्स्पो सुरू करताच काही मदरबोर्ड प्रोसेसरमधील एसओसी विभागाचा दाब वाढवीत असल्याचे त्यात दिसून आले. त्यानंतर एएमडीने बायोसमधून ही मर्यादा १.३ व्होल्टवर आणली. एक्स्पोचा वापर कंपनी ओव्हरक्लॉकिंगच मानते आणि त्यातून झालेली हानी वॉरंटीत येत नाही.

उपयुक्तता

प्रोसेसरमधील अंतर्गत ग्राफिक्स मुख्य स्मृतीच वापरत असल्याने तेथे वेगाचा लाभ ठळकपणे जाणवतो. फाइल संकोचन आणि काही खेळ यांनाही फायदा होतो. लेखन, जालवाचन किंवा हिशेब अशा कामांत फरक जवळजवळ जाणवत नाही. एकच पट्टी असलेल्या संगणकात तशीच दुसरी पट्टी बसविल्यास वहनक्षमतेची सैद्धांतिक मर्यादा दुप्पट होते. सर्वसाधारण ओव्हरक्लॉकिंगने इतकी वाढ सहसा मिळत नाही आणि तिच्यासाठी दाब वाढवावा लागत नाही. त्यामुळे मर्यादित खर्चात संगणक वेगवान करताना प्रथम हा उपाय, नंतर पट्टीवर नोंदविलेली मांडणी आणि सर्वांत शेवटी स्वतः ठरविलेली मांडणी, असा क्रम व्यवहार्य ठरतो.