गळाआधीचे दोन फूट

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिल लॅक्स नावाचं विस्तीर्ण सरोवर आहे. हिवाळ्यात ते असं गोठतं की लोक त्यावर गाड्या नेतात, ऑगर नावाच्या गिरमिटाने बर्फाला वीतभर रुंदीचं भोक पाडतात आणि आखूड काठी घेऊन वॉलाय मासा धरायला बसतात. रिळावरची दोरी विणलेली आणि सुतासारखी मऊ असते. तिच्या टोकाला एक बारकी धातूची फिरकी, आणि फिरकीच्या पुढे दोन-तीन फूट पारदर्शक, ताठ तंगूस. त्याच्या टोकाला गळ. या शेवटच्या तुकड्याला लीडर म्हणतात. तो कशाचा घ्यावा, किती पौंडांचा घ्यावा, यावर आमिषाच्या दुकानात दुपार सहज निघून जाते.

यात वेळ घालवण्यासारखं काय आहे? बर्फाखाली पाणी स्थिर असतं, वारा लागत नाही, त्यामुळे बहुधा नितळ असतं. तळाशी तापमान चार अंश सेल्सिअसच्या आसपास. थंडीत मासा आळसावतो, झडप घालत नाही. आमिषासमोर येतो, थांबतो, निरखतो. उन्हाळ्यात वाहत्या पाण्यात जी दोरी खपून जाते ती इथे उघडी पडते. आणि भोकाबाहेर शून्याखाली वीस अंश असलं, तर ओली दोरी काठीच्या कड्यांमध्येच गोठून बसते. म्हणजे लीडरला एकीकडे माशाची नजर चुकवायची, दुसरीकडे थंडी सोसायची. त्याचा वंशवृक्ष चाळला तर पहिल्या गरजेचा इतिहास दोन हजार वर्षांचा सापडतो. दुसऱ्या गरजेचं उत्तर मात्र ज्यांनी आधीच शोधलं होतं, त्यांचं नाव या इतिहासात क्वचितच येतं.

युरोपात या घराण्याचा मूळपुरुष घोडा. घोडीच्या शेपटीचे केस मुताने कमजोर होतात, म्हणून दोरीसाठी नराचे घ्यावेत, हा सल्ला ग्रीक लेखक प्लुटार्कने पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या संधिकाळात नोंदवला आहे. पुढे 1496 मध्ये विंकिन द वर्डने गळाच्या मासेमारीवरचा एक छोटा इंग्रजी ग्रंथ छापला. तो डेम ज्युलियाना बर्नर्स या संन्यासिनीच्या नावावर घातला जातो. पुरावा फारसा नाही. त्यात कोणत्या माशाला किती केसांची दोरी, याची यादीच आहे. मिन्नोसारख्या चिमुकल्या माशाला एक केस, पर्चला चार, ट्राऊटला नऊ, सामनला पंधरा. केस ऋतूप्रमाणे, पाण्याप्रमाणे रंगवावेत, हिरवे, पिवळे, तपकिरी, हेही त्यात आहे. आजच्या दुकानातला पौंडांचा तक्ता या यादीचा थेट वारसदार आहे. एकच फरक: घोड्याचा केस सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे तेव्हा मोजणाऱ्याला डोळे लागत.

केसांना पहिली टक्कर आतड्याने दिली. मार्च 1667 मध्ये सॅम्युअल पीप्सने आपल्या रोजनिशीत लिहिलं की एका ओळखीच्या माणसाने वाद्याची आतड्याची तार वॉर्निश लावून गळाला वापरली. वॉर्निश कशासाठी? पाण्याने ती फुगू नये म्हणून. या छोट्या नोंदीकडे मी वारंवार वळतो. दोरीचा खरा वैरी मासा नसून पाणी आहे, हे तिथे कुणीतरी नीट ओळखलेलं दिसतं.

मग आला रेशमाचा किडा. स्पेनच्या मुर्सिया प्रांतात एकोणिसाव्या शतकात हा मोठा धंदा होता. कोष विणायच्या बेतात आलेला किडा व्हिनेगरमध्ये बुडवायचा, पोट फाडून त्याच्या दोन्ही रेशीमग्रंथी काढायच्या आणि प्रत्येक ग्रंथी हाताने ताणायची. त्यातून सुमारे दीड फुटाचा, काचेसारखा धागा निघे. एका जिवातून दोन धागे. शल्यचिकित्सकही जखमा शिवायला हाच धागा वापरत. तो आणखी बारीक हवा असेल तर धातूच्या पट्टीतल्या छिद्रातून ओढत. जितक्या वेळा ओढला तितके ‘एक्स’. कृत्रिम माशीवर ट्राऊट धरणारे आजही 4 एक्स, 5 एक्स मागतात, ते तिथूनच. हिशेब सोपा आहे: अकरातून एक्सचा आकडा वजा केला की इंचाच्या हजारांशात जाडी मिळते. 4 एक्स म्हणजे 0.007 इंच.

जपानमध्ये हाच धागा चिनी औषधांच्या गठड्या बांधण्याच्या निमित्ताने ओसाकाला पोचला आणि तो पाण्यात दिसत नाही हे शिकोकूच्या कोळ्यांच्या लक्षात आलं, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, कोळ्याची नजर सुतळीवरसुद्धा जाते हे पटतं.

पण या धाग्यात एक खोट होती. कोरडा असला की तो ठिसूळ, गाठ मारली की तुटणार. म्हणून आधी भिजत घालायचा आणि वापरताना ओलाच ठेवायचा. नदीकाठी ठीक आहे. बर्फावर ओलावा हीच आफत.

आणि इथे अलास्काच्या किनाऱ्यावर जावं लागतं. 1881 ते 1883 या काळात पॉईंट बॅरोला ध्रुवीय मोहिमेसोबत गेलेल्या जॉन मर्डॉकने तिथल्या इन्युपियाक लोकांची बर्फावरची मासेमारी बारकाईने लिहून ठेवली. ते वृत्त 1892 मध्ये छापलं गेलं. त्यांची दोरी देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक झालरीच्या पट्ट्या गाठींनी जोडून केलेली असे. ही झालर शिंगासारख्या पदार्थाची असते. ती पाणी शोषून लिबलिबीत होत नाही आणि वर जमलेला बर्फ झटकला की पडतो. दोरी वर खेचताना तिला हात लावायचाच नाही: एका हातात काठी, दुसऱ्यात बर्फ उपसायचा झारा, आणि दोन्हींवर आळीपाळीने वेढे घेत दोरी उचलायची. हातमोजे कोरडे राहतात. लंडनच्या दुकानांत रेशीमधागा विकला जात होता त्या दिवसांत थंडीतल्या दोरीचा प्रश्न इथे सुटलेला होता.

नायलॉनचं प्रकरण लवकर संपतं. वॉलेस कॅरदर्सच्या ड्यूपाँटमधल्या प्रयोगशाळेत 1935 मध्ये ते तयार झालं, 1938 मध्ये जाहीर झालं, आणि काही वर्षांतच मुर्सियाच्या धंद्याला घरघर लागली. स्वस्त, सारखं, हवं तितकं लांब. पण नायलॉन पाणी पितं. भिजलं की त्याची ताकद काही प्रमाणात उतरते.

1971 मध्ये जपानच्या कुरेहा कंपनीने पॉलिव्हिनायलिडीन फ्लोराईडचा लीडर ‘सीगार’ नावाने आणला. हाच तो फ्लोरोकार्बन. विक्री झाली ती अदृश्यतेच्या नावाने. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, फ्लोरोकार्बनचा 1.42, नायलॉनचा साधारण 1.53. म्हणजे तो नायलॉनपेक्षा कमी दिसतो इतकंच. अदृश्य वगैरे नाही. मला वाटतं बर्फावर त्याचं मोल दुसरीकडे आहे. तो पाणी जवळजवळ शोषतच नाही. पाण्याच्या पावणेदोन पट जड असल्याने हलकं जिग (वजन जोडलेला गळ) सुद्धा सरळ खाली नेतो. भोकाच्या धारदार काठावर घासला तरी टिकतो. विणलेल्या दोरीच्या धाग्यांत पाणी शिरून गोठतं, पण ती ताणली जात नसल्याने माशाचा हलकासा स्पर्शही हाताला कळतो. म्हणून ती वर आणि फ्लोरोकार्बन खाली, अशी वाटणी झाली. तोटाही आहे: थंडीत तो ताठरतो आणि रिळाचे वेढे विसरत नाही. म्हणूनही दोन-तीन फूटच बरा. गाठ मात्र ओली करून हळू आवळावी, कारण कोरडी आवळली तर घर्षणाने धागा भाजून तिथेच तुटतो.

निवड मग फार अवघड उरत नाही. पर्चसाठी तीन-चार पौंड, वॉलायसाठी सहा-आठ, पाणी गढूळ असेल तर थोडा जाड. फिरकी मात्र काठीच्या शेवटच्या कड्यातून आत जात नाही, त्यामुळे लीडर काठीपेक्षा लांब असला तर मासा भोकाच्या तोंडाशी आल्यावर शेवटचे दोन-तीन फूट हातानेच ओढावे लागतात.

वाद पेटतो तो पाईक माशावर. त्याच्या दातांपुढे साधा लीडर टिकत नाही. काहीजण साठ-ऐंशी पौंडांचा फ्लोरोकार्बन लावतात आणि तारेने मासा बिचकतो असं म्हणतात. मी तारेच्या बाजूचा. 1496 च्या त्या यादीत पाईकसमोर केसांचा आकडाच नाही, तिथे तार बांधायला सांगितली आहे. आता पोलादाऐवजी टायटॅनियम मिळतं. पोलादाला एकदा मोड पडली की तो तुकडा फेकावा लागतो; टायटॅनियम वाकून पुन्हा सरळ होतं आणि पुढच्या माशालाही चालतं.