'द रिडल ऑफ द सँड्स' आणि त्याचे वाचक : वाचकमताचे ऐतिहासिक मूल्यमापन (१९०३ ते १९३१)

प्रस्तावना :

साहित्यकृतीचा अभ्यास बहुधा लेखक आणि संहिता या दोन अंगांनी केला जातो. वाचक हे तिसरे अंग इतिहासलेखनात तुलनेने उपेक्षित राहिले आहे. वाचकांना एखादे पुस्तक आवडले की नाही, एवढ्यापुरता हा प्रश्न मर्यादित नसतो. वाचकांनी त्या पुस्तकाचा काय अर्थ लावला, त्याला कितपत खरे मानले आणि त्यावरून पुढे कोणती कृती केली, हे प्रश्न थेट राजकीय इतिहासाशी जोडलेले असतात. अर्स्किन चिल्डर्स यांची 'द रिडल ऑफ द सँड्स' ही कादंबरी या दृष्टीने महत्त्वाची आहे. मे १९०३ मध्ये लंडनच्या स्मिथ, एल्डर अँड कंपनीने ती प्रसिद्ध केली. आधुनिक हेरकथेच्या आरंभीच्या कृतींमध्ये तिची गणना होते. २००३ साली इंग्लंडमधील 'द ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्राने तयार केलेल्या शंभर श्रेष्ठ कादंबऱ्यांच्या यादीतही तिला स्थान मिळाले.

या कादंबरीमुळे ब्रिटनचे नौदल धोरण बदलले, असे विधान अनेक ठिकाणी आढळते. प्रस्तुत लेखात या विधानाची तपासणी केली असून, कादंबरीविषयीच्या वाचकमताचा खरा ऐतिहासिक परिणाम कोठे झाला याचा शोध घेतला आहे.

लेखक आणि कथावस्तू :

रॉबर्ट अर्स्किन चिल्डर्स यांचा जन्म १८७० मध्ये लंडन येथे झाला. १८९५ पासून ते ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये लिपिक होते. बोअर युद्धात त्यांनी स्वयंसेवक म्हणून तोफखान्यात काम केले व त्या अनुभवावर १९०० मध्ये पुस्तक लिहिले. लहान शिडाच्या नौकेतून समुद्रप्रवास करणे हा त्यांचा छंद होता. १८९७ मध्ये 'व्हिक्सन' या आपल्या नौकेतून ते जर्मनीच्या फ्रिजियन किनाऱ्यावरून बाल्टिक समुद्रापर्यंत गेले होते. याच प्रवासाचे अनुभव कादंबरीचा पाया ठरले.

परराष्ट्र खात्यातील तरुण अधिकारी कॅरुथर्स आणि त्याचा मित्र डेव्हिस हे 'डल्सिबेला' या छोट्या नौकेतून फ्रिजियन बेटांच्या परिसरात फिरत असतात. भरती-ओहोटीबरोबर उघडी पडणारी वाळू आणि तिच्यामधून जाणारे अरुंद, उथळ जलमार्ग यांचा शोध घेताना त्यांना एका गुप्त योजनेचा सुगावा लागतो. या जलमार्गांमधून सैनिकांनी भरलेल्या मालवाहू नौका टग बोटींच्या साहाय्याने ओढत नेऊन इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सैन्य उतरवावयाचे, अशी जर्मनीची ती योजना असते. डोलमान हा ब्रिटिश नौदलातील माजी अधिकारी या कटात सामील असतो.

कथेइतकीच तिची मांडणीही लक्षणीय आहे. उपशीर्षकात ती गुप्त सेवेची एक नोंद असल्याचे म्हटले आहे. कॅरुथर्सने सांगितलेली हकीकत आपण केवळ संपादित केली आहे, अशी भूमिका लेखकाने घेतली. पुस्तकात नकाशे व सागरी तक्ते जोडले आणि अखेरीस आक्रमणाच्या योजनेचा आराखडाही दिला. वाचकाने कादंबरीला दस्तऐवज मानावे, यासाठी आवश्यक ती सर्व साधने लेखकानेच पुरविली होती.

एक पुस्तक, अनेक वाचने :

कादंबरीच्या वाचकांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग नौकाविहाराची आवड असणाऱ्यांचा. दाट धुक्यात केवळ होकायंत्र आणि भरतीचे गणित यांच्या आधारे मेमर्ट बेटापर्यंत वल्हवत जाण्याचा प्रसंग या वाचकांना हेरगिरीपेक्षाही अधिक मोलाचा वाटला. समुद्रावरील जीवनाचे अचूक चित्रण म्हणून आजही हा वर्ग या पुस्तकाकडे पाहतो.

दुसरा वर्ग राष्ट्रीय संरक्षणाच्या चिंतेने पछाडलेल्यांचा. १८९८ व १९०० च्या कायद्यांन्वये जर्मनीने मोठे आरमार उभारण्यास प्रारंभ केला होता. बोअर युद्धाने ब्रिटिश लष्कराच्या उणिवा उघड केल्या होत्या. ब्रिटनचे प्रमुख नौदल तळ दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे परंपरागत शत्रू असलेल्या फ्रान्सच्या दिशेने होते. उत्तर समुद्राची बाजू त्या मानाने मोकळी होती. अशा वातावरणात या वाचकांना कादंबरी हा इशारा वाटला. तिसरा वर्ग स्वतः शासनाचा होता.

डोलमानच्या मुलीचे, क्लाराचे प्रेमप्रकरण लेखकाला स्वतःला फारसे रुचले नव्हते. वाचकवर्गाच्या अपेक्षेपोटी ते कथेत घालावे लागले, याबद्दलची नाराजी त्यांनी खाजगी पत्रात व्यक्त केली. यावरून वाचकांची अपेक्षा संहितेच्या घडणीतही हस्तक्षेप करीत होती, हे दिसते.

नौदल खात्याचे वाचन :

तत्कालीन नौदलमंत्री लॉर्ड सेलबोर्न यांनी कादंबरीतील योजनेच्या शक्याशक्यतेविषयी नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाकडून अहवाल मागविला. एका कादंबरीवर शासकीय खात्याने अहवाल तयार करावा, ही घटनाच वाचनाच्या इतिहासात असाधारण आहे. अहवालाचा निष्कर्ष मात्र प्रतिकूल होता. त्या किनाऱ्यावर पुरेसे रेल्वेमार्ग व रस्ते नाहीत, पाणी उथळ आहे, आणि धक्के, गोदामे इत्यादींची प्रचंड पूर्वतयारी करावी लागेल. त्यामुळे गुप्तपणे सैन्य चढविणे अशक्य आहे, असे तज्ज्ञांचे मत पडले. पुढे ११ मे १९०५ रोजी पंतप्रधान बाल्फर यांनीही संसदेत, ब्रिटनवर गंभीर स्वरूपाचे आक्रमण होण्याचा संभव विचारात घेण्यासारखा नाही, असे प्रतिपादन केले.

जर्मन नौदलाच्या कागदपत्रांवरून असे दिसते की, १८९६ नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याचा विचार तेथे खरोखरच झाला होता. परंतु तो अव्यवहार्य ठरून मागे पडला. म्हणजे चिल्डर्स यांचा तर्क निराधार नव्हता, आणि नौदलाच्या तज्ज्ञांचे मतही चुकीचे नव्हते.

रोसाइथची आख्यायिका :

या कादंबरीमुळेच स्कॉटलंडमधील रोसाइथ, इन्व्हरगॉर्डन व स्कापा फ्लो येथील नौदल तळ निर्माण झाले, असे मत विन्स्टन चर्चिल यांच्या नावे सांगितले जाते. कालक्रम तपासता हे मत जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. फोर्थच्या खाडीवर रोसाइथ येथे तळ उभारण्याचा निर्णय मार्च १९०३ मध्ये जाहीर झाला. कादंबरी त्यानंतर दोन महिन्यांनी वाचकांच्या हाती पडली. विशेष म्हणजे याचा पुरावा कादंबरीतच आहे. पुस्तक छपाईत असताना लेखकाने मार्च १९०३ ची एक पुरवणी टीप जोडली. उत्तर समुद्रावरील तळासाठी फोर्थवरील जागा निवडली गेली आहे आणि त्या समुद्रासाठी नवे आरमारी पथक स्थापन होत आहे, या गोष्टींची नोंद त्या टिपेत आहे. ज्या निर्णयाचे श्रेय पुढे कादंबरीला दिले गेले, तो आधीच झाल्याचे लेखकानेच नमूद केले होते.

तरीही आख्यायिका टिकून राहिली. एकट्या लेखकाने निद्रिस्त शासनाला जागे केले, ही कल्पना वाचकाला सुखावणारी असते. त्यात वाचकाच्या स्वतःच्या दूरदृष्टीचाही गौरव होतो. समित्यांची टिपणे, अंदाजपत्रके व नौदलाचे अंतर्गत वादविवाद यांतून हळूहळू साकारणाऱ्या धोरणाला असे आकर्षण नसते.

वाचकांची पत्रे आणि १९०९ चे वर्ष :

वाचकमताचा प्रत्यक्ष परिणाम रोसाइथऐवजी अन्यत्र शोधावा लागतो. चिल्डर्स यांनी लोकप्रिय केलेल्या विषयाचा विल्यम ल क्यू या लेखकाने पुरेपूर उपयोग करून घेतला. त्यांची 'द इन्व्हेजन ऑफ १९१०' ही कादंबरी १९०६ मध्ये 'डेली मेल' मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. वृत्तपत्राचा खप वाढावा म्हणून जर्मन सैन्याचा काल्पनिक मार्ग अधिक वाचक असलेल्या नगरांमधून वळविण्यात आला होता. १९०९ मध्ये त्यांचे 'स्पाइज ऑफ द कैसर' प्रसिद्ध झाले. ते क्रमशः छापताना 'वीकली न्यूज' ने परकीय हेरांची माहिती देणाऱ्या वाचकास १० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. येथे वाचक श्रोत्याच्या भूमिकेतून बाहेर पडून साक्षीदार झाला.

ल क्यू यांच्याकडे संशयास्पद केशकर्तनकार, हॉटेलातील वाढपी आणि सहलीला आलेले परदेशी यांच्याविषयी पत्रे येऊ लागली. ती त्यांनी लष्करी गुप्तवार्ता विभागाचे जेम्स एडमंड्स यांच्याकडे सोपविली. मार्च १९०९ मध्ये युद्धमंत्री हॉल्डेन यांच्या अध्यक्षतेखाली शाही संरक्षण समितीची उपसमिती नेमली गेली. तिच्यापुढे एडमंड्स यांनी संशयित हेरगिरीची जी प्रकरणे मांडली, त्यांची संख्या १९०७ मध्ये ५, १९०८ मध्ये ४७ आणि १९०९ च्या पहिल्या तीन महिन्यांत २४ अशी होती. समितीचे एक सदस्य लॉर्ड ईशर यांना ही साक्ष विश्वासार्ह वाटली नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ६६,००० प्रशिक्षित जर्मन सैनिक दडून असल्याबद्दल संसदेत प्रश्न विचारला गेला. अखेर उपसमितीच्या शिफारशीवरून ऑक्टोबर १९०९ मध्ये 'सीक्रेट सर्व्हिस ब्युरो' ची स्थापना झाली. व्हर्नन केल यांच्याकडे अंतर्गत आणि मॅन्सफिल्ड कमिंग यांच्याकडे परकीय विभाग आला. आजच्या एम.आय. ५ व एम.आय. ६ या संस्थांचा उगम येथे आहे.

वस्तुतः जर्मन नौदलाचे ब्रिटनमधील हेरजाळे लहान होते. वाढत्या संख्येने नोंदल्या गेलेल्या प्रकरणांमधून हेरांची वाढ सिद्ध होत नव्हती. हेरकथा वाचून संशय घेणाऱ्यांची वाढ तेवढी सिद्ध होत होती. पत्रलेखकांच्या मनातील भीती खरी होती, परंतु तिचे पुराव्यात रूपांतर शासनाने केले. त्याची किंमत प्रामाणिकपणे रोजीरोटी कमावणाऱ्या परदेशी माणसांना संशयाच्या रूपाने मोजावी लागली.

बोर्कुम येथील अटक :

कादंबरीच्या वाचनाचा दुसरा पडसाद खुद्द फ्रिजियन किनाऱ्यावर उमटला. ऑगस्ट १९१० मध्ये रॉयल मरीन्सचे कॅप्टन बर्नार्ड ट्रेंच व नौदलाचे लेफ्टनंट व्हिव्हियन ब्रँडन हे जर्मन किनाऱ्यावरील तटबंदीची पाहणी करताना पकडले गेले. डिसेंबरमध्ये लाइपझिग येथे खटला चालला. चिल्डर्स यांची कादंबरी आपण तीनदा वाचल्याचे ब्रँडन यांनी न्यायालयात सांगितले. दोघांना चार वर्षांच्या स्थानबद्धतेची शिक्षा झाली. १९१३ मध्ये कैसरने त्यांना क्षमा केली. इंग्रज हेरांच्या कल्पित पराक्रमाचे वाचक प्रत्यक्षात हेर म्हणून शिक्षा भोगत होते आणि इंग्लंडमधील वाचक जर्मन हेरांचा शोध घेत होते, हा या काळातील मोठा विरोधाभास होय.

लेखक : स्वतःच्या ग्रंथाचा वाचक :

चिल्डर्स यांचे पुढील आयुष्य वाचकमताच्या चंचलतेचे उदाहरण आहे. जुलै १९१४ मध्ये त्यांनी आपल्या 'असगार्ड' या नौकेतून आयरिश स्वयंसेवकांसाठी रायफली आणून होथ बंदरात उतरविल्या. महायुद्ध सुरू होताच ते ब्रिटिश नौदलाच्या हवाई सेवेत रुजू झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरच्या कुक्सहाफेनवरील हल्ल्यात, आपल्या परिचयाच्या किनाऱ्यावर, निरीक्षक म्हणून सहभागी झाले. युद्धानंतर ते आयरिश प्रजासत्ताकवादी बनले. १९२१ च्या वाटाघाटींत ते आयरिश शिष्टमंडळाचे सचिव होते, परंतु त्यातून झालेल्या कराराला त्यांनी विरोध केला. यादवी युद्धात फ्री स्टेटच्या सैन्याने त्यांना पकडले. पिस्तूल बाळगल्याच्या आरोपावरून लष्करी न्यायालयाने दोषी ठरवून २४ नोव्हेंबर १९२२ रोजी डब्लिन येथे त्यांना गोळ्या घातल्या. ब्रिटनच्या संरक्षणासाठी इशारा देणारा लेखक ब्रिटिश मतानुसार देशद्रोही, तर आयर्लंडमधील विरोधकांच्या दृष्टीने परका इंग्रज ठरला होता. चर्चिल यांनीही त्यांच्या अटकेनंतर अत्यंत कठोर शब्द वापरले.

१९३१ च्या आवृत्तीस चिल्डर्स यांच्या पत्नीने प्रास्ताविक लिहिले. युद्धसज्जता हाच युद्ध टाळण्याचा उपाय आहे, हे लेखकाचे मूळचे मत महायुद्धाच्या कारणांचा अभ्यास केल्यावर पूर्णतः बदलले. सज्जताच युद्धाला निमंत्रण देते असे त्यांना वाटू लागले, असे त्यात नोंदविले आहे. लेखकाने आपल्याच ग्रंथाच्या मुख्य प्रतिपादनाशी असहमती दर्शविली, ही बाब कादंबरीच्या बहुतेक चाहत्यांच्या चर्चेत येत नाही.

निष्कर्ष :

१. 'द रिडल ऑफ द सँड्स' मुळे रोसाइथचा तळ निर्माण झाला, हे मत कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही. कादंबरीने आधीच सुरू झालेल्या धोरणाला लोकमताचे बळ दिले, एवढेच म्हणता येते.

२. नौदलाच्या तज्ज्ञांनी कादंबरी तपासून तिच्यातील योजना नाकारली; १९०९ च्या उपसमितीने मात्र कादंबऱ्यांच्या वाचकांची पत्रे पुरावा म्हणून स्वीकारली. पहिल्या प्रसंगी शासनाने संहितेची चिकित्सा केली, दुसऱ्या प्रसंगी वाचकाची चिकित्सा करावयाचे राहून गेले.

३. वाचकमत हे इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे, परंतु ते ज्या वस्तूविषयी बोलते तिच्यापेक्षा बोलणाऱ्याच्या भयाचा व अपेक्षांचा अधिक विश्वसनीय पुरावा असते. या मर्यादेचे भान ठेवून त्याचा उपयोग केल्यास लोकप्रिय साहित्य राजकीय इतिहासाच्या अभ्यासकाला उपयुक्त सामग्री पुरवू शकते.