फुजी पर्वतावरून जाणारा ड्रॅगन

फुजी पर्वतावरून जाणारा ड्रॅगन हे जपानी चित्रकार कात्सुशिका होकुसाई (इ.स. १७६० – इ.स. १८४९) यांनी रेशमी वस्त्रावर शाई व फिकट रंगांत काढलेले गुंडाळीचित्र आहे. मृत्यूपूर्वी काही महिने काढलेले हे चित्र त्यांच्या अखेरच्या कृतींपैकी एक मानले जाते. ते जपानमधील नागानो प्रांतातील ओबुसे येथील होकुसाई संग्रहालयात आहे.

वर्णन

चित्र उभट व अरुंद आहे. हिमाच्छादित फुजी पर्वताच्या मागून काळ्या ढगाचा लोट वळसे घेत आकाशाकडे जातो आणि त्यात वर चढणारा लहानसा ड्रॅगन दिसतो. शुभ्र पर्वत व गडद ढग यांच्या विरोधावर चित्राची रचना उभी आहे.

लेख व काळ

चित्रावरील लेखात होकुसाईंचा जन्म ड्रॅगनच्या वर्षी झाल्याचा आणि चित्र इ.स. १८४९च्या पहिल्या चांद्रमासातील ड्रॅगनच्या दिवशी काढल्याचा उल्लेख आहे. स्वाक्षरी 'नव्वद वर्षांचा वृद्ध मांजी' अशी आहे. 'मांजी' हे त्यांनी उतारवयात धारण केलेले नाव होय. हे वय पूर्व आशियाई पद्धतीचे असून त्यात जन्मताच एक वर्ष धरले जाते. चित्रावरील मुद्रेत 'शंभर' हे अक्षर आहे. एकशेदहाव्या वर्षी आपली प्रत्येक रेषा व बिंदू सजीव होईल, अशी आशा त्यांनी 'फुजीची शंभर दृश्ये' या ग्रंथाच्या समारोपात व्यक्त केली होती. १० मे १८४९ रोजी त्यांचे निधन झाले.

ड्रॅगनचा अर्थ

युरोपीय कथांत ड्रॅगन बहुधा संहारक असतो. पूर्व आशियात मात्र तो पाणी, ढग व पाऊस यांचा अधिपती आहे. बौद्ध ग्रंथांच्या चिनी अनुवादकांनी संस्कृत 'नाग' या शब्दासाठी ड्रॅगनवाचक अक्षरच योजले. त्यामुळे भारतीय नागराजाची कल्पना चीनमार्गे जपानी ड्रॅगनमध्ये मिसळली. अजिंठ्याच्या १९व्या लेणीबाहेरील नागराजाचे शिल्प याच बौद्ध परंपरेतील आहे.

'ताकेतोरी मोनोगातारी' या प्राचीन जपानी कथेत अमरत्वाचे औषध फुजीच्या माथ्यावर जाळले जाते व त्याचा धूर वर जात राहतो. पर्वताच्या नावाचा संबंध 'अमर' या अर्थाच्या शब्दाशीही जोडला जातो. म्हणून वर चढणाऱ्या या ड्रॅगनमध्ये अनेक अभ्यासक स्वतः चित्रकाराचेच प्रतीक पाहतात.

साहित्य व जतन

जपानी शाई काजळी व प्राण्यांपासून काढलेला सरस यांच्या मिश्रणातून बनवतात. तिची वाळलेली कांडी पाणी घालून दगडावर उगाळतात. पाण्याच्या प्रमाणानुसार गडद काळ्यापासून धूसर करड्यापर्यंत छटा मिळतात. रेशमावर उमटलेली रेषा सहसा पुसता येत नाही, त्यामुळे हात स्थिर असावा लागतो.

अशा लटकत्या चित्रास जपानीत 'काकेमोनो' म्हणतात. ते कागद व वस्त्राच्या अस्तरावर चढवून खालच्या टोकाला दांडी बसवतात आणि घरातील 'तोकोनोमा' या कोनाड्यात ऋतुमानानुसार टांगतात. प्रकाशाने रेशीम जीर्ण होते व रंग फिकटतात. म्हणून अशी चित्रे बराच काळ गुंडाळून लाकडी पेटीत ठेवली जातात.

ओबुसेशी संबंध

ओबुसे येथील व्यापारी ताकाई कोझान यांच्या आश्रयाने होकुसाई वयाच्या ऐंशीनंतर तेथे येऊन राहिले. गावातील उत्सवरथाच्या छतावरही त्यांनी ड्रॅगन चितारला आहे. होकुसाई संग्रहालय इ.स. १९७६मध्ये सुरू झाले.